बारा म्हणालं कोण?

२१ सप्टेंबर २०२५. रविवार, सर्वपित्री अमावस्या. दुपारी पानं वाढून झाली, गच्चीवर कावळ्याची वाट बघून झाली, भांडी घासून झाली आणि संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. सासूबाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी तरी ते मिटव गं." मी म्हटलं, "आई, आज रात्री बारा वाजता बाराचे पाच होणार आहेत, आज नाही बसले तर उद्या सेठजी माझे बारा वाजवतील."

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका शेव-नमकीनच्या कारखान्यात हिशेब बघते. एकोणीस वर्षं झाली. राजेंद्र नगरातून तिथवर जायचं म्हणजे रोज शहर आडवं कापायचं, पण ते असो. त्या सप्टेंबरच्या ३ तारखेला जीएसटी परिषदेनं दर बदलले. लेबल लावलेल्या पाकीटबंद नमकीनवर १२ टक्के होते ते ५ झाले आणि नवा दर लागू होणार होता २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. आमच्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहेच, पण वितरकांच्या ऑर्डरी आणि बिलं निघतात आमच्या स्वतःच्या एका वेबपानावरून. महिनाअखेरीला मी ती टॅलीत ओढते. हे पान २०१४ साली सेठजींच्या ओळखीतल्या एका पोरानं पीएचपीत, म्हणजे वेबपानं चालवायच्या एका प्रोग्रामिंग भाषेत, लिहून दिलं. पोरगा पुढे बेंगळुरूला गेला. पहिलं वर्षभर फोन उचलायचा, मग उचलेनासा झाला. "मैडम, आप देख लो ना, आप तो कंप्यूटर पे ही बैठती हो," असं सेठजी म्हणाले आणि अशा रीतीनं एम.कॉम. झालेली बाई डबा खाता खाता पीएचपी शिकली.

त्या रात्री मला बदलायची होती एक ओळ. फक्त एक, कारण दोन-तीन वर्षांपूर्वी मी कराचा सगळा हिशेब एका फंक्शनमध्ये, म्हणजे नावानं हाक मारली की चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात, आणून ठेवला होता:

फंक्शन करासह($रक्कम, $दर = १२) {
    रिटर्न $रक्कम + $रक्कम * $दर / १००;
}

(खऱ्या कोडमध्ये फंक्शन, रिटर्न हे शब्द आणि आकडे रोमन लिपीतच लिहावे लागतात. मी इथे वाचायला बरं म्हणून देवनागरीत लिहितेय. पण फंक्शनचं नाव आणि डॉलरपुढचं व्हेरिएबलचं (किंमत ठेवायच्या डब्याचं) नाव मात्र खरोखर मराठीत आहे. पीएचपीला ते चालतं, आणि ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी अर्ध्या ऑफिसला बोलावून दाखवलं. कुणालाही काही वाटलं नाही.)

कंसातलं $दर = १२ म्हणजे ठरलेला दर. फंक्शनला हाक मारताना करासह(१०००) एवढंच म्हटलं तर ते १२ टक्के धरतं. दर वेगळा हवा असेल तर करासह(१०००, ५) असं सांगायचं. कोडमध्ये अठरा ठिकाणी या फंक्शनला हाक मारलेली आहे. अठराही ठिकाणी जाऊन बाराचा पाच करायची गरज नाही, वर एका जागी केला की झालं. रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी मी तो एक आकडा बदलला, एक खोटी ऑर्डर टाकून बघितली, १०००चे १०५० आले, आणि झोपले. सकाळी घट बसवायचे होते.

चौथ्या दिवशी खंडव्याहून फोन. आमचा तिथला जुना वितरक. "मैडम, बारा का जमाना गया, आप अभी भी बारा लगा रही हो?"

बिल उघडलं. १८,००० रुपयांचा माल, एकूण २०,१६०. व्हायला हवं होतं १८,९००. १,२६० रुपये जास्त. म्हणजे क्रेडिट नोट आणि सेठजींपुढे उभं राहणं.

फंक्शनमध्ये तर पाच लिहिलंय. मग बारा म्हणालं कोण? दुपारचं जेवण सोडून सगळ्या फाइलींत "करासह(" शोधलं. अठरा जागा. सतरा ठिकाणी कंसात एकच गोष्ट, रक्कम. अठराव्या ठिकाणी दोन: करासह($बेरीज, १२). ही फाइल होती ठरलेल्या ऑर्डरींची, म्हणजे दर आठवड्याला तोच माल उचलणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांची. खंडवेवाले त्यातलेच. ही फाइल मीच, माझ्याच हातानं, नव्या फंक्शनवर आणली होती आणि मनात शंका नको म्हणून दरही स्पष्ट सांगून टाकला होता. ठरलेला दर फक्त गप्प राहणाऱ्यांसाठी असतो. जो तोंडानं बारा म्हणेल त्याला बारा मिळणार. फंक्शननं काही चूक केली नव्हती, चूक हाक मारणाऱ्याची होती. म्हणजे माझी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. धाकटी बहीण ग्वाल्हेरला असते, लष्करात (म्हणजे लष्कर भागात, फौजेत नव्हे, इंदूरबाहेरच्या वाचकांचा गोंधळ व्हायला नको). तिचा मुलगा बीसीए करायला आमच्याकडे राहिलाय. परवा रात्री वही घेऊन आला. "मावशी, फंक्शनचे प्रकार सांग ना. उद्या विचारणारेत."

"तुला काय शिकवलंय?"

त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. (आर्ग्युमेंट म्हणजे कंसातून आत दिलेली गोष्ट, रिटर्न म्हणजे हाक मारणाऱ्याला परत मिळणारं उत्तर.) चार प्रकार. आर्ग्युमेंट नाही, रिटर्न नाही. आर्ग्युमेंट आहे, रिटर्न नाही. आर्ग्युमेंट नाही, रिटर्न आहे. आर्ग्युमेंट आहे, रिटर्नही आहे. दोनचा पाढा म्हणतात त्या चालीत.

चुकीचं नाहीये ते. परीक्षेत तेच लिही म्हणून सांगितलं. पण हे म्हणजे मंडळातल्या माणसांचे चार प्रकार करण्यासारखं आहे: पाकीट आणणारे पण जेवून न जाणारे, पाकीट न आणता जेवून जाणारे वगैरे. वर्गवारी बरोबर, उपयोग काय? मी इतकी वर्षं जे काही निस्तरलंय त्यात फंक्शनला किती आर्ग्युमेंटं आहेत यानं क्वचितच घोळ झालाय. घोळ होतो तो त्याला कोण हाक मारतंय, केव्हा, आणि काय सांगून, यानं. म्हणून मी त्याला माझ्या पद्धतीनं प्रकार सांगितले. तो अधूनमधून मोबाइल बघत होता, पण ऐकलं बिचाऱ्यानं.

पहिले म्हणजे भाषेनं आयते दिलेले. पीएचपीत अशी हजारांनी आहेत. त्यांची नावं आणि कंसातला क्रम पाठ करण्यात माझी निदान सहा महिन्यांची जेवणं गेली. यादीत एखादी वस्तू आहे का बघायचं 'इन अ‍ॅरे' घ्या: आधी सांगायची वस्तू, मग यादी. वाक्यात एखादा शब्द कुठे आहे ते बघायचं 'स्ट्रपॉस' घ्या: आधी वाक्य, मग शब्द. उलटं. काही नावांत मधे अंडरस्कोर, काहींत नाही. ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ या माणसानं स्वतःच्या पानासाठी केलेल्या अवजारांतून वाढली. १९९५ च्या जूनमध्ये त्यानं ती सगळ्यांना खुली केली तेव्हा नावच होतं पर्सनल होम पेज टूल्स. अगदी सुरुवातीला, शंभरही फंक्शनं नव्हती तेव्हा, फंक्शन शोधायची यंत्रणा नावाच्या लांबीवर चालायची आणि म्हणून नावं मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची ठेवली, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे हा घोळ एका माणसाच्या घरच्या फडताळासारखा आहे. डबे मिळतात, पण कुठल्या डब्यात काय ते त्यालाच ठाऊक.

आयत्या फंक्शनांनी मला दोनदा तोंडघशी पाडलंय. दोन्ही वेळा कारण एकच, ती आपल्यासाठी बनलेली नव्हती.

एकदा रतलामहून एका दुकानदारानं विचारलं, "मैडम, लौंग कब से बेचने लगे?" आम्ही लवंगा विकत नाही. आम्ही डबल लौंग सेव विकतो. पण बिलावर छापून आलं होतं "डबल लौंग" आणि त्यापुढे चौकोनात प्रश्नचिन्ह. झालं असं की त्या पोरानं मालाचं नाव बिलाच्या रकान्यात मावावं म्हणून 'सबस्ट्र' या फंक्शननं २४ वर कापलं होतं. त्यानं नावं रोमनमध्ये ठेवली होती तोवर ठीक होतं. सेठजींना बिल हिंदीत हवं झालं आणि बोंब झाली. ते फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीची मापं, मोजतं, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे 'स' आणि त्यावरची मात्रासुद्धा, तीन-तीन बाइट खाते. "डबल लौंग" आणि पुढची रिकामी जागा मिळून होतात २३. चोविसावा बाइट म्हणजे 'से'मधल्या 'स'चा एक तृतीयांश तुकडा. प्रिंटरनं बिचाऱ्यानं त्याचं काय करायचं?

भाच्याला मी हे करून दाखवलं. 'शेव' या शब्दाची लांबी 'स्ट्रलेन'ला विचारली: ९. 'एमबी स्ट्रलेन'ला विचारली: ३, कारण ते श, मात्रा आणि व वेगवेगळे मोजतं. 'ग्राफीम स्ट्रलेन'ला विचारली: २. सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. त्यांना विचारलं, 'शेव'मध्ये अक्षरं किती? "दोन. हे काय विचारणं झालं?" एकाच शब्दाला तीन फंक्शनं तीन उत्तरं देतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. हाक कुणाला मारायची ते आपण ठरवायचं. मी बिलासाठी 'एमबी सबस्ट्र' घेतलं आणि रकानाही थोडा रुंद केला.

दुसऱ्यांदा 'नंबर फॉरमॅट'. आकड्यात स्वल्पविराम घालून देतं. देतं, पण साहेबी पद्धतीनं, तीन-तीनवर. सव्वा लाख लिहायला गेलं की १२५,००० असं. सेठजींनी ते बिल हातात धरलं, दूर धरलं, चष्मा काढून बघितलं आणि विचारलं, "ये एक सौ पच्चीस हजार क्या होता है?" त्या दिवशी मी आयुष्यातलं पहिलं स्वतःचं फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं लाखात(). शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांच्या मागून दोन-दोनच्या जोड्या करायच्या, मधे स्वल्पविराम घालून चिकटवायचं. अकरा ओळी. पुढे कळलं की भारतीय पद्धत सांगितली तर हे करून देणारी आयती सोय पीएचपीच्या आंतरराष्ट्रीय विस्तारात आहे. कळून काय उपयोग, माझं लाखात() तोवर सगळीकडे पोचलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते काढायचा जीव होत नाही.

तर दुसरा प्रकार हा, आपण लिहिलेली. भाच्याला इथे मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली, कारण मला ती कळायला वेळ लागला होता. फंक्शन लिहिलं म्हणजे काही घडत नाही. लिहून ठेवलेलं फंक्शन वाचताना पीएचपी फक्त नोंद घेतं, असं असं एक आहे बरं का. नावापुढे कंस लावून हाक मारली की मग आतल्या ओळी चालतात. फाइलीत खाली लिहिलेल्या फंक्शनला वरून हाक मारलेलीही चालते, कारण नोंद आधीच झालेली असते. फक्त ते 'जर-तर'च्या आत लिहिलं असेल तर तिथवर पोचेपर्यंत त्याचा जन्मच होत नाही.

आणि हाक मारल्यावर उत्तर काय येतं ते बघायचं. त्या पोराच्या कोडमध्ये गाडीभाड्याचं एक फंक्शन होतं. आत सगळा हिशेब अगदी चोख, आणि शेवटी रिटर्नच्या जागी 'एको'. एको म्हणजे पडद्यावर छापणं. आकडा दिसायचा, अगदी ठसठशीत ३४० रुपये, पण पानाच्या भलत्याच जागी, अगदी वर, कंपनीच्या नावाच्याही आधी. आणि एकूण बेरजेत तो नसायचाच. कारण ज्यानं हाक मारली त्याच्या हातात काहीच परत आलं नव्हतं. रिटर्न नसलेलं फंक्शन 'नल' देतं, आणि पीएचपी बेरजेत नल म्हणजे शून्य धरतं. कुरकुरही करत नाही. कित्येक महिने आम्ही गिऱ्हाइकांना भाडं दाखवत होतो आणि घेत नव्हतो. वार्षिक हिशेबात गाडीभाड्याचं खातं जुळेना तेव्हा मी कोड उघडला. (प्रोग्रामर हे आधी कोडमध्ये शोधतात, हिशेबनीस आधी खात्यात. माझी पद्धत जास्त बरी आहे असं माझं नम्र मत.)

याच जातीची दुसरी चूक मी स्वतः केली. 'सॉर्ट' हे फंक्शन दिलेली यादीच जागच्या जागी लावतं आणि परत देतं फक्त 'हो, झालं'. मी लिहिलं, $यादी = सॉर्ट($यादी). बेचाळीस वितरकांच्या यादीच्या जागी पडद्यावर आलं: १.

आतल्या-बाहेरच्या व्हेरिएबलांचं फार बोलत नाही. फंक्शनच्या आत बाहेरचं काही दिसत नाही, हवं ते कंसातून आत द्यायचं, एवढं पुरे. फंक्शनबाहेर $दर लिहून ठेवला आणि फंक्शनच्या कंसात तो घेतलाच नाही तर आत तो रिकामा, आणि कर शून्य. रिकर्शन, म्हणजे स्वतःच स्वतःला हाक मारणारं फंक्शन, पुस्तकात फॅक्टोरियल काढायला वापरतात. मला अकरा वर्षांत एकदाच लागलं, फोल्डरातल्या फोल्डरातल्या फोल्डरात ठेवलेली जुनी बिलं शोधायला.

मग आलो मला आवडणाऱ्या प्रकाराकडे, ज्यांना आपण हाक मारतच नाही. आपण त्यांचं नाव दुसऱ्याला देतो आणि तो मारतो.

महिनाअखेरीला सेठजींना वितरकांची यादी लागते, ज्याची बाकी सगळ्यात जास्त तो सगळ्यात वर. 'यूसॉर्ट' या फंक्शनला यादी द्यायची आणि सोबत एक छोटं फंक्शन द्यायचं, जे कुठल्याही दोन वितरकांकडे बघून वर कोण ते सांगेल. पुढे यूसॉर्ट त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा हाक मारतं. मी एकदा आत मोजणी लावून बघितली. वितरक बेचाळीस, हाका शंभराच्या वर.

भाच्यानं इथे तीच चूक केली जी सगळे करतात. सगळ्या रकमांना कर लावून दे म्हणून त्यानं 'अ‍ॅरे मॅप'ला यादी दिली आणि फंक्शन म्हणून दिलं करासह(), कंसासकट. लाल अक्षरांत आलं की आर्ग्युमेंटं कमी पडली. (जुन्या पीएचपीत नुसती ताकीद मिळून गाडी पुढे जायची, ७.१ या आवृत्तीपासून थांबते. बरंच झालं.)

"पण मी तर फंक्शन दिलं."

"दिलं नाहीस, बोलावलंस. सराफ्यात जलेबीवाल्याचा नंबर कोणी मागितला तर तू नंबर देतोस की तिथेच फोन लावतोस?"

"नंबर देतो."

"मग कंस कशाला लावलेस?"

कंस म्हणजे फोन लावणं. नुसतं नाव, अवतरणचिन्हांत, म्हणजे नंबर देणं. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ८.१ पासून आणखी एक पद्धत आहे: करासह(...), कंसात खरोखरचे तीन ठिपके. तो फोन नाही, नंबरच, फक्त छापील कार्डासारखा. नाव लिहिताना चुकलात तर लगेच कळतं. मी आता तेच वापरते.

एका वेळेपुरतंच लागणारं फंक्शन असेल तर त्याला नावच कशाला? म्हणून बिननावाची फंक्शनं. ती २००९ मध्ये ५.३ बरोबर आली. २०१९ च्या ७.४ मध्ये त्यांचं आणखी आखूड रूप आलं, बाणाचं, एका ओळीत मावणारं. दोघांत एक फरक आहे जो मला फार उशिरा कळला. बाणवालं फंक्शन बाहेरचे व्हेरिएबल आपण होऊन वाचतं. जुन्या बिननावाच्या फंक्शनला ते 'यूज' म्हणून हाती द्यावे लागतात. सेठजींच्या यादीसाठी बाणवालं चांगलं. बारशाचा खर्च नाही.

आता भीतीचा प्रकार. पीएचपीत फंक्शनचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं आणि त्या व्हेरिएबलपुढे कंस लावले की त्या नावाच्या फंक्शनला हाक जाते. $काम = 'बिल'; $काम(); बस, बिल चालू. सोयीचं आहे. त्या पोराला इतकं सोयीचं वाटलं की त्यानं ते नाव थेट वेबपत्त्यातून उचललं होतं. पत्त्याच्या शेवटी काम=बिल लिहिलं की बिल, काम=यादी लिहिलं की यादी.

हे माझ्या लक्षात आलं त्या संध्याकाळी मी ऑफिसात एकटीच होते. पत्त्याच्या शेवटी मी बिलच्या जागी लिहिलं 'पीएचपीइन्फो'. हे आयतं फंक्शन सर्व्हरची अख्खी कुंडली मांडतं: आवृत्ती कुठली, फाइली कुठे, कुठले विस्तार चालू. एंटर मारलं आणि ती कुंडली पडद्यावर पानंच्या पानं खाली जात राहिली. पासवर्ड न विचारता. जगातल्या कुणालाही आमच्या सर्व्हरवरच्या कुठल्याही फंक्शनला हाक मारता येत होती, आणि कित्येक वर्षं येत होती. मी उठून पाणी प्यायले. मग बसून चार नावांची यादी केली: बिल, यादी, ऑर्डर, बाकी. पत्त्यातून आलेलं नाव या चारात असेल तरच पुढे, नाहीतर दार बंद. घरी पोचायला साडेनऊ झाले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर मला नीट सांगताच येईना. "दार उघडं होतं" एवढंच म्हटलं. त्याला वाटलं ऑफिसचं.

मराठी नावांचंही एक सांगते, कारण कुणीतरी उत्साहात माझ्यासारखं करेल. माझं एक फंक्शन आहे, व्यापाऱ्याचे_नाव(). ऑफिसात लिहिलं, चाललं. घरून दुसऱ्या फाइलीत त्याला हाक मारली तर उत्तर: असं फंक्शनच नाही. संदेशात छापलेलं नाव आणि माझं नाव, अक्षर न् अक्षर सारखं. तासभर मी दोन्ही एकाखाली एक ठेवून बघत होते. शेवटी 'स्ट्रलेन'लाच विचारलं, आणि दोघांची लांबी वेगळी निघाली. घोळ त्या 'ऱ्या'त होता. ऑफिसच्या कीबोर्डवरून 'ऱ' हे वेगळं अक्षर उमटतं. घरचा कीबोर्ड साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण टाकतो. डोळ्याला दोन्ही सारखे, पीएचपीला दोन निराळी माणसं, कारण ते नावाचे बाइट बघतं. आता माझ्या फंक्शनांच्या नावांत 'ऱ्या' नसतो. व्यापाऱ्याचा वितरक झाला तो असा. आणि बाइट मोजणाऱ्या ज्या फंक्शननं मला इतका त्रास दिला, त्यानंच तेव्हा वाचवलं.

खंडव्याच्या प्रकरणानंतर मी करासह()च्या अठराही हाका बदलल्या. पीएचपी ८ पासून, म्हणजे २०२० पासून, हाक मारताना कशाला काय देतोय ते नावानिशी सांगता येतं: करासह(रक्कम: १८०००, दर: ५). नुसत्या १२ कडे बघून ते कर आहे, डझन आहे की पेट्यांची संख्या ते कळत नाही. 'दर:' शोधलं की तोंडानं दर सांगणारे सगळे एका झटक्यात सापडतात. आज असा एकही नाही, सगळे गप्प.

भाचा परीक्षेत चार प्रकार लिहून आला. आठापैकी आठ मिळाले.

साफसफाई करताना एक फंक्शन सापडलं, त्या पोरानं लिहिलेलं: नया_हिसाब_२. आत जवळजवळ सत्तर ओळी, सवलतीचा काहीतरी गुंतागुंतीचा हिशेब. नया_हिसाब_१ कुठेच नाही. सगळ्या फाइलींत शोधलं, याला कुणीही हाक मारत नाही. भाचा म्हणाला, "मग उडव ना, मावशी." मला वाटलं उडवावं. पण नावानं शोधून सापडत नाही म्हणजे कुणी हाक मारत नाही असं थोडंच आहे? कुठेतरी दोन तुकडे जोडून नाव तयार होत असेल, डेटाबेसातून येत असेल, वर्षातून एकदाच येत असेल. त्या पोराचा काही भरवसा नाही.

म्हणून मी त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक आयतं फंक्शन लावून ठेवलंय. कुणी हाक मारली की तारीख आणि वेळ एका फाइलीत लिहायची, फाइल नसेल तर तयार करायची. ऑक्टोबरपासून रोज सकाळी चहा येईपर्यंत मी तो फोल्डर उघडून बघते. फाइल अजून तयार झालेली नाही. ३१ मार्च जाऊ दे, मग बघू.